मोबाईलला सोनं कळतं का? असीरगडच्या खड्ड्यांपासून मावशीच्या गढीपर्यंत

मार्चमध्ये एका रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन आला. आवाज एकदम दबका.

"दादा, अॅप वाजतंय. गढीच्या भिंतीपाशी लई जोरात वाजतंय. आते काय करानं?"

तो एकोणीस वर्षांचा आहे, अमळनेर तालुक्यातल्या मावशीच्या गावी राहतो. घरामागे त्यांची जुनी पडकी गढी आहे. गढी म्हटल्यावर किल्ला डोळ्यासमोर आणू नका. मातीच्या जाड भिंती, एक अर्धा ढासळलेला बुरूज, आत धाब्याच्या घरांचे चौथरे आणि सगळीकडे माजलेल्या बाभळी. पणजोबांच्या काळापर्यंत तिथे माणसं नांदत होती. आता तिथे क्रिकेटचा बॉल शोधायला तेवढं कोणीतरी जातं.

भावाने फोनवर 'गोल्ड डिटेक्टर' नावाचं फुकटचं अॅप टाकलं होतं. अॅप वाजलं म्हणून त्याने आणि तीन मित्रांनी भिंतीच्या पायाशी गुडघाभर खड्डा घेतला होता. आता चौघे मिळून ऑनलाइन मशीन मागवणार होते, साडेसात हजारांचं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'दहा फूट खोल सोनं-चांदी शोधा.'

मी म्हटलं, "रविवारी येतो. तोपर्यंत कुदळ खाली ठेव आणि ऑर्डर देऊ नको."

हे खूळ त्याच्या एकट्याच्या डोक्यात आलेलं नव्हतं. त्या आठवड्यात अर्ध्या खान्देशच्या मोबाईलवर एकच व्हिडिओ फिरत होता.

असीरगडला काय झालं?

रावेरच्या पुढे राज्याची हद्द ओलांडली की बऱ्हाणपूर लागतं. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या काळात ती खान्देशची राजधानी होती आणि मुघलांच्या खान्देश सुभ्याचं मुख्य ठाणंही तिथेच होतं. तिथून उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर असीरगड आहे. मार्च २०२५ च्या पहिल्या आठवड्यात या गडाखालच्या शेतांमध्ये रात्री माणसं जमू लागली. हातात बॅटऱ्या, मोबाईलचे टॉर्च, कुदळी, चाळण्या. काही जणांकडे मेटल डिटेक्टरही होते. अंधारात शेकडो दिवे हलताहेत असा व्हिडिओ व्हायरल झाला. पोलीस पोहोचेपर्यंत माणसं पांगली होती, शेतात खड्डे तेवढे राहिले होते.

निमित्त दोन होती. एक म्हणजे महामार्गाच्या कामात खोदलेली माती जवळच्या शेतात आणून टाकली होती आणि 'त्या मातीत मुघलांची नाणी निघाली' अशी कुजबुज आधीपासून होती. दुसरं म्हणजे 'छावा'. १४ फेब्रुवारीला आलेल्या या सिनेमाची सुरुवातच संभाजी महाराजांच्या बऱ्हाणपूरवरच्या स्वारीने होते. सिनेमा पाहून आलेल्यांनी बऱ्हाणपूर, मुघल खजिना आणि गावातली कुजबुज यांची बेरीज केली. उरलेलं काम रील्सनी केलं.

सिनेमात काय आहे आणि इतिहासात काय?

अफवा का पटते हे आधी बघू. या मातीत जुनी नाणी सापडणं अशक्य मुळीच नाही. बऱ्हाणपूर ही व्यापाराची मोठी पेठ होती आणि मुघलांची टांकसाळही तिथे होती. अकबराने १६०१ मध्ये असीरगड जिंकला, तेव्हा त्या विजयाची आठवण म्हणून ससाण्याचं चित्र असलेली सोन्याची मोहर काढली. नाणे अभ्यासकांमध्ये ती आजही प्रसिद्ध आहे. गडाभोवती कित्येक महिने वेढ्याच्या छावण्या पडलेल्या होत्या. शिवाय तेव्हा बँका नव्हत्या. माणसं साठवलेला पैसा गाडग्यात घालून घरातच पुरायची. कधी साथ यायची, कधी लढाई व्हायची, आणि पुरणारा परत यायचाच नाही. खान्देशातल्या गावागावांत गुप्तधनाच्या गोष्टी आहेत त्या यामुळेच.

पण 'छावा'चा धागा इथे जुळत नाही. १६८१ च्या सुरुवातीला मराठ्यांनी लुटली ती बऱ्हाणपूर शहराबाहेरची बहादुरपुरा आणि इतर श्रीमंत पेठांची वस्ती. असीरगडावर ती स्वारी नव्हतीच. लूट घेऊन सैन्य चोपड्याच्या वाटेने साल्हेरकडे निघून गेलं. म्हणजे खजिना पश्चिमेला गेला आणि लोक साडेतीनशे वर्षांनी उत्तरेला खणत होते.

आणि दुसरी गोष्ट, ती माती महामार्गाच्या कामातून आलेली. समजा तिच्यात खरोखर चार नाणी असली, तरी ती मुळात कुठे होती, घराच्या जोत्याखाली की छावणीच्या जागी, हे जेसीबीने उचललं त्याच क्षणी पुसलं गेलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

फोनमधलं अॅप नेमकं काय मोजतं?

आता आपल्या कामाचा प्रश्न. 'गोल्ड डिटेक्टर' किंवा 'मेटल डिटेक्टर' अॅप खोटं असतं का? पूर्ण खोटं नसतं. त्याचं नाव खोटं असतं.

तुमच्या फोनमध्ये मॅग्नेटोमीटर नावाचा सेन्सर असतो. मॅपमध्ये बाण बरोबर दिशेला वळतो तो याच्यामुळे. हा सेन्सर आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र मोजतो, मायक्रोटेस्ला या एककात. आपल्या भागात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला असतं. जवळ लोखंड आलं की हा आकडा बदलतो. अॅप एवढंच करतं की आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बीप वाजवतं.

म्हणजे अॅपला 'दिसतात' ते लोखंड, निकेल, कोबाल्ट आणि त्यांचे काही मिश्रधातू. सोनं, चांदी, तांबं, पितळ यांना चुंबक लागत नाही, त्यामुळे सेन्सरला त्यांचा पत्ताच लागत नाही. आत्ता उठून करून बघा:

१. अॅप उघडून आकडा स्थिर होऊ द्या. फोनच्या कव्हरला मॅग्नेट असेल तर कव्हर काढा.
२. आईची सोन्याची अंगठी फोनच्या वरच्या कडेजवळ न्या. आकडा हलणार नाही.
३. चांदीचं जोडवं किंवा पैंजण न्या. तेच.
४. देवघरातला तांब्याचा तांब्या न्या. तेच.
५. आता स्क्रू-ड्रायव्हर किंवा पाना न्या. आकडा उडी मारेल.

गंमत अशी की आपलं आजचं एक रुपयाचं नाणं स्टीलचं आहे, त्याला चुंबक चिकटतं. म्हणजे अॅपकडून काही अपेक्षा ठेवायचीच असेल तर ती खिशातल्या रुपयाची ठेवता येईल. अकबराच्या मोहरेची नाही.

आणि खोली? छोट्या लोखंडी वस्तूपासून अंतर दुप्पट केलं की तिचा चुंबकीय परिणाम साधारण आठव्या भागावर येतो. चार बोटांवर कळणारा खिळा हातभर अंतरावर कळतच नाही. तेव्हा मातीवर फोन फिरवून हातभर खालचं काही सापडणं विसरा.

मग खरं मशीन कसं चालतं?

हातात धरायचा डिटेक्टर वेगळ्या तत्त्वावर चालतो. त्याच्या खालच्या गोल तबकडीत तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा करंट सोडतात. त्यामुळे जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात कुठलाही धातू आला की धातूच्या पृष्ठभागावर भोवऱ्यासारखे छोटे करंट फिरू लागतात, त्यांना एडी करंट म्हणतात. या करंटचं स्वतःचं क्षीण क्षेत्र दुसरं वेटोळं पकडतं आणि मशीन वाजतं. इथे धातूला चुंबक लागायची गरज नाही. म्हणून हे मशीन सोनं, चांदी, तांबंही पकडतं.

परत आलेला सिग्नल किती उशिराने आला, यावरून मशीन धातूचा अंदाज बांधतं आणि पडद्यावर एक आकडा दाखवतं. पण हा अंदाजच असतो. सोन्याचं लहान नाणं, कोल्ड्रिंकच्या कॅनची रिंग आणि औषधाच्या गोळ्यांची चुरगळलेली पट्टी, तिन्ही बऱ्याचदा जवळपासचाच आकडा देतात. मशीनला धातू कळतो, खजिना कळत नाही.

नाण्याएवढी वस्तू घरगुती वापराच्या मशीनला वीतभर, फार तर थोडी जास्त खोल सापडते. मोठं भांडं असेल तर आणखी खाली. 'दहा फूट खोल नाणं' हे त्या तत्त्वात बसतच नाही.

खान्देशची माती मशीनला चकवते

यूट्यूबवर दिसणारे व्हिडिओ बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या हिरव्या कुरणांतले असतात. आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली. त्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं. मशीनला मातीच धातूसारखी वाटते, त्यामुळे ते उगाच किरकिरतं किंवा खोलवरचं ऐकूच शकत नाही. चांगल्या मशीनवर मातीचा हा गोंगाट वजा करायची सोय असते, त्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. स्वस्त मशीनवर ती नसते किंवा नावाला असते.

दुसरा त्रास शेतातल्या लोखंडाचा. नांगराचे तुटलेले फाळ, बैलांच्या पत्र्या आणि त्यांचे खिळे, ट्रॅक्टरचे नट, पाइपाच्या क्लिपा. शंभर वर्षं कसलेल्या वावरात मशीन दर दोन पावलांना वाजलं नाही तरच नवल.

जमिनीखाली रडारच्या लहरी सोडणारं महागडं उपकरणही असतं. पण ओल्या, चिकण काळ्या मातीत त्या लहरी लवकरच विरून जातात. आणि व्यावसायिक उपकरणही 'इथे खाली काहीतरी वेगळं आहे' एवढंच सांगतं. २०१३ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या डौंडियाखेड्याला एका साधूने राजाच्या पडक्या गढीखाली हजार टन सोनं असल्याचं स्वप्न पाहिलं. उपकरणांनी खाली काही वेगळं असल्याची नोंद दिली आणि पुरातत्त्व खात्याने महिनाभर खोदलं. निघालं काय? खापरं, बांगड्यांचे तुकडे, खिळे, जुन्या चुली.

पायाळू गेला, अँटेना आली

आपल्याकडे पूर्वी गुप्तधन शोधायला पायाळू माणूस लागायचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याला जमिनीतलं दिसतं, अशी समजूत. सोबत मांत्रिक, लिंबू, अमावास्या. यातून भयंकर गुन्हे घडले आहेत, आणि म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली केलेल्या अघोरी प्रकारांचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

आता त्या पायाळूची जागा एका चकचकीत खोक्याने घेतली आहे. पिस्तुलासारखी मूठ, पुढे दोन अँटेना, 'एक किलोमीटरवरचं सोनं ओळखतं' असा दावा. याला लाँग रेंज लोकेटर म्हणतात. यामागे कुठलंही विज्ञान नाही. अँटेना हलते ती तुमच्या मनगटाच्या नकळत होणाऱ्या हालचालीने. अशाच बनावटीचं एडीई ६५१ नावाचं उपकरण एका ब्रिटिश व्यापाऱ्याने इराकच्या सुरक्षा दलांना बॉम्ब शोधण्यासाठी विकलं होतं. आत चालणारा एकही भाग नव्हता. नाक्यांवर माणसं मेली आणि २०१३ मध्ये त्या व्यापाऱ्याला दहा वर्षांची कैद झाली. जे बॉम्ब शोधू शकलं नाही, ते तुमच्या वावरात मोहरा कशी शोधणार?

फसवणुकीचा पुढचा टप्पाही सांगून ठेवतो. नाणं सापडलं, आता विकायचं. 'जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या' अशा पोस्टवर फोन केला की समोरचा आधी कमिशन, टॅक्स, रजिस्ट्रेशन असं काहीबाही भरायला सांगतो. हे लोक रिझर्व्ह बँकेचं नावही वापरतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमचा काही संबंध नाही आणि आम्ही असं कुठलंही शुल्क मागत नाही.

सापडलं तर माझं, असं आहे का?

भावाचा हाच प्रश्न होता. "दादा, गढी आपली, जागा आपली, मग माल कोणाचा?"

यावर १८७८ चा कायदा आहे, भारतीय निखात निधी अधिनियम. इंग्रजांचा आहे पण अजून लागू आहे. त्यातलं कामापुरतं असं:

जमिनीत दडवलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, कुठे सापडलं, कोणत्या तारखेला सापडलं. हो, दहाच रुपये. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तारण देऊन हमी द्यायची. मग जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात, कोणी मूळ मालक पुढे येतो का पाहतात. कोणी आलं नाही तर कायद्याने शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो, दोघांत वेगळा करार नसेल तर. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देऊन घेता येते.

आणि लपवलं तर? वाटा सरकारजमा, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जागेच्या मालकाने लपवायला साथ दिली तर त्यालाही शिक्षा आहे.

याशिवाय दोन गोष्टी. संरक्षित स्मारकाच्या जागेत खोदायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, आणि स्मारकाची मोडतोड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. किल्ल्यावर, लेण्यांजवळ निळा फलक दिसला तर मशीन पिशवीतून बाहेरच काढू नका. दुसरं, शंभर वर्षांहून जुनं नाणं कायद्याच्या भाषेत पुरावस्तू ठरतं. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ते परदेशात पाठवणं गुन्हा आहे, कमीत कमी सहा महिने कैद. परदेशी ग्राहकाला कुरिअर करून टाकू, असा विचार असेल तर तो इथेच सोडा. दुसऱ्याच्या वावरात रात्री शिरणं आणि उभं पीक तुडवणं हे तर कुठल्याही कायद्याशिवायही चूकच.

नाण्याची किंमत नाण्यात किती, जागेत किती?

कायदा 'कुठे सापडलं' हे लिहून मागतो. इतिहासकारही पहिला प्रश्न तोच विचारतात. का, ते दोन उदाहरणांवरून बघू. दोन्ही आपल्या शेजारची.

१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा स्वतःचा छाप मारलेला होता. म्हणजे नहपानाचं राज्य जाऊन सातवाहनांचं आलं आणि त्यांनी जुनाच पैसा आपल्या शिक्क्याने चालवला. एवढा मोठा पुरावा मिळाला तो साठा एकत्र राहिला, मोजला गेला म्हणून. तीच तेरा हजार नाणी एकेक करून सराफाकडे गेली असती तर वितळून काही किलो चांदी झाली असती आणि गौतमीपुत्राची ही गोष्ट कायमची गेली असती.

दुसरं दायमाबाद, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी. १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या. बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. एकूण वजन साठ किलोंच्या वर. जगभर गाजलेला हा शोध. पण या वस्तू पद्धतशीर उत्खननात, मातीच्या थरांची नोंद होत असताना निघाल्या नाहीत. त्यामुळे त्या नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर पुढे अभ्यासकांमध्ये वाद झाला. वस्तू हातात आहेत, तरी त्यांचा काळ पक्का सांगायला सोबतचा थर नाही.

आपल्याकडे गावाचे दोन भाग म्हणतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षं मातीची घरं बांधली, पडली, त्यावर परत बांधली, की पांढरीचं टेकाड तयार होतं. आत थरांवर थर असतात, वहीच्या पानांसारखे. गढीच्या पायाशी घेतलेला गुडघाभर खड्डा म्हणजे त्या वहीची मधली पानं फाडणं. नाणं मिळो ना मिळो, पानं परत जोडता येत नाहीत.

इंग्लंडमध्ये मोकळीक आहे, मग आपल्याकडे का नको?

हा प्रश्न योग्य आहे. तिथे जमीनमालकाची परवानगी घेऊन डिटेक्टर फिरवणं कायदेशीर छंद आहे. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात डिटेक्टरवाल्याला अँग्लो-सॅक्सन काळातला सोन्याचा मोठा साठा सापडला. त्याची किंमत सुमारे ३३ लाख पौंड ठरली आणि ती शोधणारा व शेतकरी यांच्यात निम्मी-निम्मी वाटली गेली. पण तिथे गावोगावच्या सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी सरकारी पाठबळाची यंत्रणा आहे. वस्तू दाखवायला माणूस हाताशी आहे आणि मोबदला वेळेत मिळेल असा भरवसा आहे.

आपल्याकडे खरी उणीव इथे आहे असं माझं मत आहे. नाणं सापडलं म्हणून कळवायला गेलेल्या पोरालाच चोर समजतील, ही भीती गावात असते. दीडशे वर्षांपूर्वीची दहा रुपयांची मर्यादा वाचून कोणाला कायद्याबद्दल विश्वास वाटेल? कळवणाऱ्याचा सन्मान होतोय, वाटा मिळतोय असं दिसलं, तर रात्रीची गर्दी बरीच कमी होईल.

तिथेही लपवणाऱ्याची गय होत नाही, हेही सांगतो. २०१५ मध्ये लेमिन्स्टरजवळ दोघांनी वायकिंग काळातला साठा शोधून गुपचूप विकायला काढला. सुमारे तीनशे नाण्यांपैकी मोजकीच परत मिळाली. पोलिसांनी त्यांच्या मोबाईलमधले डिलीट केलेले फोटो परत मिळवले. त्यात पूर्ण साठा मातीतच पडलेला दिसत होता. २०१९ मध्ये दोघांनाही मोठ्या कैदेच्या शिक्षा झाल्या. आणि आज त्या साठ्याबद्दल जे कळतं, त्यातलं बरंच त्या फोटोंमुळे.

म्हणूनच म्हणतो, जुन्या नाण्यांच्या बाबतीत फोनमधला सगळ्यात उपयोगी सेन्सर मॅग्नेटोमीटर नाही. कॅमेरा आहे.

चुकून सापडलंच तर

पाया खणताना, विहिरीचं काम चालू असताना, नांगरताना काही निघालं तर:

१. थांबा. आणखी खणू नका, आसपास चाळू नका.
२. उचलण्याआधी फोटो काढा. एक जवळून, शेजारी पेन किंवा रुपया ठेवून, म्हणजे आकार कळेल. एक लांबून, झाड, विहीर, घर दिसेल असा.
३. फोनचं लोकेशन चालू ठेवा, म्हणजे फोटोसोबत जागा आणि वेळ नोंदली जाईल. हा फोटो ग्रुपवर टाकू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या साध्या फोटोतून लोकेशन बहुतेक वेळा निघून जातं, आणि दुसऱ्या दिवशी वावरात गर्दी होते ती वेगळीच. मूळ फोटो जपून ठेवा.
४. नाणं घासू नका. चिंच, लिंबू, ब्रासो काही लावू नका. वरचा थर गेला की अक्षरंही जातात.
५. तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच हीच तुमची ढाल.
६. फक्त कुतूहल असेल तर जाणकारांकडे जा. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्रावर काम करणारी संस्था आहे.

रविवारी गढीत

ठरल्याप्रमाणे मी गेलो. चौघे तोंड पाडून उभे. मी अॅप लावलं, खरंच वाजत होतं. खड्ड्याच्या कडेला माती हाताने सारली तर गंजलेली लोखंडी पट्टी दिसली, बैलगाडीच्या चाकाची धाव. अॅपने त्याचं काम चोख केलं होतं. नाव तेवढं चुकीचं होतं.

मग मावशीची अंगठी मागून वरची चाचणी करून दाखवली. अंगठीवर अॅप गप्प. चौघांपैकी एक जण म्हणाला, "म्हणजे आपण पाच दिवस लोखंड शोधत होतो."

आबा, म्हणजे मावशीचे सासरे, काठी टेकत आले. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं. पायाची माती काढल्यामुळे वर हातभर भेग गेली होती. "एक पाऊस पडता तर भिंत पोरांच्या अंगावर येती," एवढंच बोलले. मशीनच्या साडेसात हजारांपेक्षा ही भेग मला जास्त भीतीदायक वाटली. चौघांनी त्याच दुपारी खड्डा बुजवून माती चोपून बसवली.

चहाच्या वेळी आबांनी देवघरातून एक डबी आणली. आत तांब्याचं एक नाणं. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा. फार दुर्मीळ नाही, संग्राहकांकडे बरेच असतात. भाऊ हरखला. "आबा, हे कुठे सापडलं?"

आबा बराच वेळ आठवत राहिले. "गढीतलंच. तुझे पणजोबा होते तेव्हा. कोनाड्यात होतं... का ओट्याखाली? दोन होते का तीन, तेबी आता ध्यानात नाही."

कोनाड्यात होतं तर कोणीतरी हाताशी ठेवलेला खर्चाचा पैसा. ओट्याखाली होतं तर घर बांधताना शकुनाचा म्हणून पुरलेला असेल. म्हणजे कदाचित घराचं वयच त्यावरून कळलं असतं. आता ते फक्त एक नाणं आहे.

भावाने मशीनची ऑर्डर दिली नाही. त्याऐवजी त्याने फोन काढला आणि आबांना गढीच्या एकेका चौथऱ्यासमोर उभं करून, इथे कोण राहायचं, धान्याचं पेव कुठे होतं, आड कुठे होता, हे रेकॉर्ड करत फिरला. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ झाला. आबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. हे सगळं सांगू शकणारं त्या गावात आता दुसरं कोणी उरलेलं नाही.